गुठळी, घड्याळ आणि तालुक्याचा रस्ता

१९९४ सालच्या उन्हाळ्यात, पहाटे चारच्या सुमाराला माझे मामा अंथरुणात उठून बसले. सोलापुरात पूर्व भागातलं घर, खाली चार यंत्रमाग, वर राहायला दोन खोल्या. मामींनी दिवा लावला तेव्हा मामांचा बनियन घामानं भिजला होता. उन्हाळा होता, म्हणून घामाचं कुणाला काही वाटलं नाही. रात्री जेवणात शेंगाचटणी जरा जास्त झाली होती, म्हणून छातीतल्या कळीचंही काही वाटलं नाही. मी शेजारच्या खोलीतून आलो तर मला म्हणाले, "काय नाय बे, पित्त झालंय. झोप जा." मग सोडा झाला, ओवा झाला, मामींनी पाठीला तेल चोळलं. सात वाजता मागावर कामगार आले तेव्हा मामा स्वतः खाली उतरून त्यांना कामाला लावून आले. दुपारी एकच्या पुढे, जिन्यावर बसकण मारली तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी हातात धरली आणि पहिला प्रश्न विचारला, "दुखायला कधी लागलं?" मामींनी सांगितलं, "पहाटे चारला." डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी इंजेक्शन दिलं. पण बाहेर येऊन मला म्हणाले, की हेच पहाटे पाचला द्यायला मिळालं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. मामा वाचले. त्यानंतर सात वर्षं जगलेही. पण त्यांच्या हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता, जी निरोगी माणसात साठ टक्क्यांच्या आसपास असते, ती तिशीवर आली होती. खालच्या मागापासून वरच्या खोलीपर्यंतचे सतरा जिने त्यांना दोनदा थांबून चढावे लागत. यंत्रमाग पुढे विकले.

ते इंजेक्शन कोणतं होतं, आणि पहाटे पाच व दुपारी दोन यांत एवढा फरक का पडावा, हे मला तेव्हा कुणी समजावलं नाही. मीही विचारलं नाही. मी डॉक्टर नाही. पण गेली काही वर्षं मिळेल ते वाचून आणि जिल्ह्यातल्या दोन-तीन डॉक्टर मित्रांना छळून जे हाती लागलं, ते इथे मांडतो आहे.

*

हृदय शरीरभर रक्त पाठवतं, पण स्वतःच्या स्नायूला लागणारं रक्त ते आतल्या कप्प्यातून घेत नाही. त्यासाठी महारोहिणीतून निघणाऱ्या दोन बारीक रोहिण्या आहेत. त्यांना करोनरी म्हणतात. वयानुसार, आणि तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांच्या कृपेनं लवकरच, त्यांच्या आतल्या भिंतीत चरबीचा थर साचतो. लोक ज्याला 'ब्लॉक' म्हणतात तो हाच. पण झटका बहुतेक वेळा या थरामुळे थेट येत नाही. एका क्षणी थराचा वरचा पातळ पापुद्रा फाटतो. शरीराला वाटतं, जखम झाली. मग जखमेवर जे करायचं तेच ते इथे करतं: रक्तातल्या चपट्या पेशी धावून येतात, फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात, त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात आणि गुठळी तयार होते. बोट कापल्यावर जी गोष्ट जीव वाचवते, तीच तीन मिलिमीटरच्या नळीत जीव घेते.

हे आज शाळेच्या पुस्तकातलं वाटेल, पण त्यावर विसाव्या शतकात बरीच वर्षं वाद होता. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्येच लिहून ठेवलं होतं, की करोनरीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो, आणि त्याची लक्षणं ओळखता येतात. तरीही पुढे अनेक विकृतिशास्त्रज्ञांचं मत पडलं, की गुठळी हे झटक्याचं कारण नसून परिणाम आहे: स्नायू आधी मरतो, गुठळी मागून होते. तसं असेल तर ती विरघळवून उपयोग काय? वाद मिटला १९८० मध्ये. अमेरिकेतल्या स्पोकेन या गावातल्या मार्कस डीवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका चालू असतानाच रुग्णांच्या करोनरीत रंगद्रव्य सोडून चित्रं घेतली. असं करणं त्या काळी अघोरी समजलं जाई. पहिल्या चार तासांत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची रोहिणी पूर्ण बंद होती. उशिरा तपासलेल्यांत हे प्रमाण कमी होत गेलं. म्हणजे काही गुठळ्या पुढे आपोआप विरघळत होत्या. शरीराकडे गुठळी मोडण्याची स्वतःची यंत्रणा आहेच, फक्त ती सावकाश चालते.

आणि हृदयाच्या स्नायूला सावकाशपणा परवडत नाही. १९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्स यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की रोहिणी बांधल्यावर स्नायू एकदम मरत नाही. मरण आतल्या थरापासून सुरू होतं आणि लाटेसारखं बाहेरच्या थराकडे सरकतं. चाळीस मिनिटांनी रक्त परत सोडलं तर बराच स्नायू वाचतो. सहा तासांनी सोडलं तर फारच थोडा. मामा सकाळी सात वाजता कामगारांना सूचना देत होते, तेव्हा ही लाट निम्म्या वाटेवर असणार.

*

औषधाची कथा याहून जुनी आहे आणि ती घसादुखीच्या जंतूपासून सुरू होते. १९३३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट यांच्या लक्षात आलं, की स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू ज्या नळीत आहे त्या नळीतलं रक्त गोठलं तरी ती गुठळी थोड्या वेळानं पुन्हा पातळ होते. जंतू काहीतरी सोडत होता. त्या पदार्थाला पुढे 'स्ट्रेप्टोकायनेझ' नाव मिळालं. जंतूचा त्यात स्वार्थ उघड आहे: शरीर गुठळीची भिंत बांधून त्याला कोंडू पाहतं, आणि तो ती भिंत विरघळवून पुढे सरकतो. माणसानं चोराचीच किल्ली उचलली.

ही किल्ली काम कशी करते? आपल्या रक्तात प्लास्मिनोजेन नावाचं प्रथिन झोपलेलं असतं. ते जागं झालं की त्याचं प्लास्मिन होतं आणि प्लास्मिन फायब्रिनचे धागे कापतं. स्ट्रेप्टोकायनेझ स्वतः धागा कापत नाही, ते फक्त कापणाऱ्याला उठवतं. गोम अशी, की ते गुठळीजवळच्यालाच नव्हे तर साऱ्या रक्तातल्याला उठवतं. या औषधाचा धोका तिथेच आहे. त्याकडे पुढे येतो.

टिलेट आणि त्यांचे सहकारी सोल शेरी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते छातीत साठून गोठलेल्या रक्तावर वापरलं. १९५८ च्या सुमारास शेरींनी हृदयविकाराच्या झटक्यातही वापरून पाहिलं. पण मघाचा वाद आडवा आला, मात्रा आणि शुद्धता यांचे प्रश्न होते, आणि छोट्या छोट्या चाचण्यांतून कौल कुठलाच लागेना. वीस-पंचवीस वर्षं औषध कपाटात असून नसल्यासारखं राहिलं.

कोंडी फोडली ती इटलीच्या सरकारी इस्पितळांनी, आणि हे मला फार आवडतं. मोठ्या विद्यापीठांची चकचकीत केंद्रं नव्हेत, तर देशभरातले १७६ साधे हृदयरोग कक्ष एकत्र आले आणि त्यांनी सुमारे बारा हजार रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना तासाभरात पंधरा लाख युनिट स्ट्रेप्टोकायनेझ, निम्म्यांना नेहमीचे उपचार. १९८६ मध्ये 'जिस्सी' या नावानं निकाल आला: एकवीस दिवसांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ वर उतरले. पण खरा निकाल या सरासरीच्या पोटात होता. दुखणं सुरू झाल्यापासून तासाभरात ज्यांना औषध मिळालं, त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. सहा तासांनंतर आलेल्यांत ठळक फायदा दिसला नाही.

दोन वर्षांनी ऑक्सफर्डहून 'आयसिस-२' आलं, १७,१८७ रुग्ण. इथे ॲस्पिरिनचीही परीक्षा होती. काहीच न मिळालेल्यांत पाच आठवड्यांत १३.२ टक्के दगावले, दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. एकट्या ॲस्पिरिनचा वाटा यात जवळजवळ इंजेक्शनाएवढाच निघाला, आणि ती गोळी तेव्हाही चार-आठ आण्यांची होती. या चाचणीची एक गंमत. नियतकालिकाच्या संपादकांनी आग्रह धरला, की कोणत्या उपगटाला किती फायदा झाला ते वेगवेगळं दाखवा. असे तुकडे पाडले की आकडे फसवतात, हे संशोधकांना माहीत होतं. म्हणून त्यांनी रुग्णांची राशीनुसारही विभागणी छापली आणि दाखवून दिलं, की मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिन जरा अपायकारकच आहे! आपल्याकडे हा तक्ता कुणी थट्टा म्हणून वाचला असता की नाही, याची मला शंका आहे.

*

पुढे १९९६ मध्ये आधीच्या अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. पहिल्या तासात औषध दिलं तर दर हजार रुग्णांमागे ६५ जीव जास्तीचे वाचतात; दुसऱ्या तासात ३७; त्यानंतरच्या काही तासांत तिसाच्याही खाली. म्हणजे पहिल्या साठ मिनिटांतच निम्मी पुंजी संपते.

आता आपल्याकडचा आकडा पाहा. 'क्रिएट' नावाची भारतातल्या ८९ रुग्णालयांची पाहणी २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. वीस हजारांहून अधिक रुग्ण. दुखू लागल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं. सहा तास! दारातून आत आल्यावर औषध सुरू व्हायला ५० मिनिटं. उशीर घरी आणि रस्त्यात होता, दवाखान्यात त्यामानानं थोडा. गुठळी विरघळवणारं औषध ज्यांना मिळालं त्यांतल्या शंभरातल्या शहाण्णवांना स्ट्रेप्टोकायनेझच मिळालं होतं. आणि तिसाव्या दिवसापर्यंत गरिबांतले ८.२ टक्के, तर श्रीमंतांतले ५.५ टक्के रुग्ण गेले होते. गरिबांचं हृदय वेगळं नसतं. त्यांना मिळालेले उपचार वेगळे होते.

या सहा तासांचा अर्थ सोलापूर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की कळतो. जवळजवळ पंधरा हजार चौरस किलोमीटर, अकरा तालुके, २०११ च्या जनगणनेत त्रेचाळीस लाख माणसं. अँजिओप्लास्टी करणारे कॅथलॅब मुख्यतः सोलापूर शहरात. अक्कलकोट चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणून बरं. पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर. करमाळा सव्वाशेच्या आसपास, आणि करमाळ्याच्या पलीकडच्या वाडीवरून आधी करमाळ्यापर्यंत यायचं ते वेगळंच. ऊसतोडीच्या दिवसांत बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या दुहेरी ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावरून रात्री ज्यानं रुग्ण आणला आहे, त्यानं गुगलच्या नकाशावरच्या मिनिटांवर विश्वास ठेवणं सोडलेलं असतं.

अँजिओप्लास्टी, म्हणजे तार घालून रोहिणी उघडणं आणि स्टेंट बसवणं, हा इंजेक्शनापेक्षा सरस उपाय आहे यात शंका नाही. पण 'वेळेत झाली तर' हे त्या वाक्यातले महत्त्वाचे शब्द. जगभरची मार्गदर्शक तत्त्वं आज सांगतात, की निदानापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर वाट न पाहता, शक्यतो दहा मिनिटांत, आहात तिथे इंजेक्शन द्या आणि मग पुढे पाठवा. करमाळा, सांगोला, माळशिरसच्या माणसासाठी हा नियम पुस्तकी नाही. "सोलापूरला हलवा" हे वाक्य ऐकून नातेवाइकांना हायसं वाटतं, कारण काहीतरी होतंय असं वाटतं. पण इंजेक्शन न देता हलवलं, तर गाडी धावत असते आणि लाटही.

*

१९९४ मध्ये मामांना दिलं ते स्ट्रेप्टोकायनेझ. डॉक्टर मंडळी त्याला लाडानं 'एसटीके' म्हणत. त्याच्या दोन खोडी. एक म्हणजे ते सलाइनमधून अर्ध्या-एक तासात हळूहळू सोडावं लागतं, आणि भराभर सोडलं तर रक्तदाब कोसळतो. दुसरी, ते जंतूचं प्रथिन असल्यानं शरीर त्याला परकं मानतं. कधी थंडी-ताप, कधी ॲलर्जी, आणि एकदा दिलं की विरोधी प्रतिपिंडं तयार होतात, त्यामुळे दुसऱ्या झटक्याला ते पुन्हा वापरायचं नाही.

यावर तोड म्हणून माणसाच्याच शरीरातला गुठळी मोडणारा पदार्थ, 'टीपीए', जनुकीय तंत्रानं बनवला गेला. तो फायब्रिनला चिकटून काम करतो, म्हणून गुठळीवर जास्त आणि इतरत्र कमी. १९९३ च्या 'गुस्टो' चाचणीत, एकेचाळीस हजार रुग्णांत, त्यानं स्ट्रेप्टोकायनेझवर मात केली, पण फरक शंभरात एकाचा आणि किंमत कितीतरी पट. शिवाय तो पाचेक मिनिटांत रक्तातून ओसरतो, म्हणून त्याचीही सलाइनच. मग त्या रेणूत तीन ठिकाणी फेरफार करून 'टेनेक्टेप्लेज' बनवलं. ते रक्तात वीसेक मिनिटं टिकतं, त्यामुळे एकाच सुईत, पाच-दहा सेकंदांत, सगळी मात्रा देता येते. मात्रा वजनावर: साठ किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, नव्वदच्या पुढे ५०, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना निम्मी देतात. १९९९ मध्ये सुमारे सतरा हजार रुग्णांत ते टीपीएच्या बरोबरीचं ठरलं.

तालुक्याच्या ठिकाणी रात्री अडीच वाजता एक डॉक्टर आणि एक सिस्टर असताना तासभर सलाइनचे थेंब मोजणं आणि एक सुई देऊन मोकळं होणं, यांतला फरक प्रयोगशाळेतल्या माणसाला कळणार नाही. आमच्या जिल्ह्यासाठी टेनेक्टेप्लेजचा खरा गुण तोच.

यातली सुखद बाब, ही औषधं आता आपल्याच अंगणात बनतात. चंदीगडच्या सरकारी सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत गिरीश साहनी यांच्या चमूनं देशी स्ट्रेप्टोकायनेझ तयार केलं आणि ते तंत्र अहमदाबादच्या कंपनीनं बाजारात आणलं. टेनेक्टेप्लेज पुण्यात जिनोव्हा कंपनी 'इलॅक्झिम' या नावानं बनवते. त्याच कुळातलं 'रेटेप्लेज', जे अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन सुयांत देतात, ते नवी मुंबईत रिलायन्स लाइफ सायन्सेस बनवते. तरीही टेनेक्टेप्लेज एसटीकेपेक्षा बरंच महाग आहे, आणि विड्या वळणाऱ्या बाईच्या घरात तो फरक काही महिन्यांच्या मजुरीएवढा भरतो.

*

आता धोका. सांगोला भागात फिजिशियन असलेला माझा एक मित्र म्हणतो, की इंजेक्शन देणं सोपं, सही घेणं अवघड. त्यानं सांगितलेला प्रसंग. रात्रीचा एक. वडील खाटेवर, मुलगा तिशीचा, बाहेर भावकीतले आठ-दहा जण. मित्र म्हणाला, "दादा, तुमच्या वडिलांची नळी बंद झाली आहे. ती उघडायचं इंजेक्शन माझ्याकडे आहे. पण ते सगळ्या शरीरातलं रक्त पातळ करतं. शंभरातल्या एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होतो. न दिलं तर त्याहून कितीतरी जास्त धोका हृदयाला आहे." मुलगा म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही सांगाल तसं." पण मागून चुलते म्हणाले, "थांबा, थोरल्याला पुण्याहून येऊ द्या." थोरला चार तासांवर होता. मित्रानं थोरल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो फोन वीस मिनिटं चालला. ही वीस मिनिटं कोणत्याच पाहणीत वेगळी मोजली जात नाहीत.

शंभरातला एक हा आकडा ढोबळ आहे. चाचण्यांत तो बहुधा अर्धा ते एक टक्का दिसतो, वृद्ध, लहान चणीच्या आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत जास्त. म्हणून आधी प्रश्नांची फैर झडते: पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, अलीकडे पक्षाघात, मोठी शस्त्रक्रिया, डोक्याला मार? शौचातून काळं पडतं का? रक्तदाब १८०-११० च्या वर आहे का? दुखणं पाठीत फाटल्यासारखं आहे का? कारण महारोहिणीच चिरली असेल, तर हे औषध घातक. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टर वेळ घालवतात. यातलं एकही उत्तर लपवू नये, दारूमुळे झालेली रक्ताची उलटीसुद्धा.

आणि ईसीजीशिवाय यातलं काहीच नाही. झटक्यांचे दोन मोठे प्रकार: पट्टीवरचा एसटी नावाचा भाग उंचावलेला, म्हणजे रोहिणी पूर्ण बंद, आणि तो न उंचावलेला. इंजेक्शन फक्त पहिल्या प्रकाराला. दुसऱ्याला दिलं तर फायदा नाही, नुकसान होऊ शकतं. म्हणून "शेजाऱ्याला दिलं, मग आमच्या आईला का नाही?" या प्रश्नाचं उत्तर त्या कागदाच्या पट्टीत असतं. बायकांच्या आणि मधुमेहींच्या बाबतीत मुळात पट्टी काढण्यापर्यंतच गाडी येत नाही, कारण त्यांची छाती दुखेलच असं नाही. जबडा धरतो, पाठ भरून येते, नुसता दम लागतो, ओकारी होते. घरातली बाई "जरा कसंतरी होतंय" म्हणाली की तिला आपण पडून राहायला सांगतो.

सॉर्बिट्रेटविषयीही लिहायला हवं, कारण आमच्याकडे ती खिशात बाळगणारे पुष्कळ आहेत. ती जिभेखालची गोळी रोहिणी थोडी सैल करते. गुठळीला हातही लावत नाही. काही झटक्यांत तर तिनं रक्तदाब धोकादायक उतरतो. तिनं कळ जरा कमी झाली म्हणून सकाळपर्यंत थांबलेली माणसं मला माहीत आहेत.

इंजेक्शन दिल्यावर तासा-दीड तासानं पुन्हा ईसीजी काढतात. उंचावलेला भाग निम्म्याहून खाली आला, कळ थांबली, तर नळी उघडली असं धरतात. सगळ्यांची उघडत नाही. न उघडलेल्याला लगेच कॅथलॅब गाठावी लागते. उघडलेल्यालाही चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफी करून घ्यावी, कारण गुठळी गेली तरी फाटलेला थर तिथेच असतो. "इंजेक्शननं बरं वाटलं, आता घरी नेतो" हे वाक्य माझ्या मित्रानं इतक्यांदा ऐकलं आहे, की तो आता इंजेक्शन भरतानाच ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगतो.

*

हे सगळं जोडून दाखवलं तमिळनाडूनं. तिथे चार मोठी रुग्णालयं केंद्रस्थानी, भोवती लहान रुग्णालयं, मध्ये ॲम्ब्युलन्स आणि फोनवरून पोचणारा ईसीजी, अशी रचना करून २,४२० रुग्णांचा मागोवा घेतला. २०१७ मध्ये आलेल्या अहवालानुसार वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. नवं औषध कोणतंच नव्हतं. गोव्यानं बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाभोवती तसंच जाळं उभारलं आणि टेनेक्टेप्लेज मोफत दिलं. महाराष्ट्रातही 'स्टेमी महाराष्ट्र' या नावानं ईसीजी दूरवर वाचण्याचं काम सुरू झालं. आपल्याकडे १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. ९३७ गाड्यांनी सुरुवात झाली, आणि गाडीत डॉक्टर असतो हे तिचं वैशिष्ट्य. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत सोलापूर होतं. म्हणजे सुटे भाग बरेचसे हजर आहेत.

गेल्या दिवाळीत मामांच्या मुलाला, म्हणजे माझ्या मामेभावाला, मी हे सगळं ऐकवत होतो. तो आता मंगळवेढ्याकडे राहतो, पन्नाशीचा आहे, विडी सोडून दोन वर्षं झालीत. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं एकच विचारलं, "हे इंजेक्शन आमच्या गावात रात्री कुणाकडं असतं?" मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः मोटारसायकल काढून तीन ठिकाणी विचारून आला. एका ठिकाणी होतं. त्या डॉक्टरांचा रात्रीचा नंबर त्यानं घेतला आणि मामींच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरात, गॅसवाल्याच्या नंबरखाली, भिंतीवर लिहून ठेवला.